कोथिंबिरीची काडी आणि वरून येणारा हात

भाजीची पिशवी दारात वाजली की पिंजऱ्यातून शिट्ट्या सुरू होतात. वीतभर लांबीची दोन जनावरं जाळीला नाक लावून उभी राहतात. पण पिशवी आणणारा माणूस पिंजऱ्याजवळ वाकला, कोथिंबीर धरलेला हात त्याने आत घातला, की शिट्टी अर्ध्यावर तुटते आणि दोघंही खोक्याखाली दिसेनाशी होतात. बाहेर उरतं ते हलणारं गवत. कोथिंबीर हवी आहे, हात नको आहे. नवे गिनीपिग घरी आणलेल्या बहुतेक घरांना पहिले काही आठवडे हेच बघावं लागतं. घरातल्या ज्या मुलाने महिनाभर हट्ट करून ते आणायला लावलेले असतात, त्याचा चेहरा पडतो. ‘याला मी आवडतच नाही,’ असं ते ठरवून टाकतं. मुलाचा हा समज चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे नीट सांगावं म्हणून हा लेख.

हे सांगताना डोळ्यांसमोर आहेत ती सुरतेतली घरं. शहराच्या पूर्वेकडचा गोडादरा, त्याला लागून लिंबायत, डिंडोली, पुढे उधना, हा सगळा पट्टा खानदेशी माणसांनी भरलेला आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारहून तापी खोऱ्याच्या रेल्वेने आलेली कुटुंबं लूमवर, कापड बाजारात, एम्ब्रॉयडरीच्या खात्यात कामाला लागली आणि इथलीच झाली. गावाकडे त्यांच्या दारात गाय होती, शेळी होती, अंगणात कोंबड्या होत्या. इथे दोन खोल्या, समोर गल्ली आणि वर पत्रा किंवा दुसऱ्याचा मजला. जनावराची सवय असलेल्या माणसाला जनावराविना राहणं जड जातं. कुत्रं परवडत नाही, मांजर टिकत नाही, मग मुलांच्या हट्टापायी गिनीपिग येतो. जागा कमी लागते, भुंकत नाही, शेजाऱ्यांची तक्रार येत नाही.

घरातली आजी मात्र पिंजऱ्याकडे बघून विचारते, ‘हाऊ काय शे?’ (हे काय आहे?) आणि उत्तराची वाट न बघता त्याला उंदीर ठरवते. तिला हसण्याचं कारण नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये याच शहरात प्लेगची साथ आली, लाखो लोक मिळेल त्या गाडीने सुरत सोडून गेले, आणि त्या दिवसांत इथे राहिलेल्या पिढीच्या मनात उंदीर आणि प्लेग हे दोन शब्द एकाच गाठोड्यात बांधले गेले. आजीला समजवायचं तर आधी तिची भीती खरी मानावी लागते. गिनीपिग कुरतडणाऱ्या प्राण्यांतलाच, म्हणजे उंदराचा दूरचा नातेवाईक आहे हे खरं. पण तो गटारातून येत नाही, गटारात जगूही शकत नाही. त्याला शेपूट नाही, त्याचा डोळा जन्मतःच उघडा असतो, आणि तो गवत खातो. उंदरांपासून त्यालाच जपावं लागतं. पिंजरा जमिनीपासून उंच ठेवायचा आणि रात्री उरलेली भाजी काढून घ्यायची, ते त्यासाठी.

प्लेगची गोष्ट निघालीच आहे तर आणखी एक सांगायला हवी, कारण ती आपल्या मुलखातली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत प्लेग ठाण मांडून बसला होता. उंदराचा रोग माणसापर्यंत पिसवांमार्फत पोहोचतो, हे पॉल-लुई सिमोंने १८९८ मध्ये कराचीत मांडलं होतं, पण ते पटायला पुरावा हवा होता. परळच्या प्रयोगशाळेतल्या, म्हणजे पुढे हाफकिन इन्स्टिट्यूट झालेल्या जागेतल्या संशोधकांनी प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग सोडले. उंदरांच्या पिसवा त्यांच्या अंगावर गोळा झाल्या आणि त्यांतल्या काहींना प्लेग झाला. जमिनीलगत ठेवलेल्या पिंजऱ्यातले गिनीपिग मेले, पिसूची उडी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेले वाचले. आज ‘आमचा गिनीपिग केला’ असं आपण सहज म्हणून जातो. त्या बोलण्यामागे खरी जनावरं आहेत, मुंबईच्या चाळीत ठेवलेल्यांसारखी, आणि त्यांच्या मरण्यातून माणसाला जगायची वाट सापडली आहे. ज्या जनावराचं आपल्यावर एवढं देणं आहे, त्याच्या घाबरटपणाला थोडा वेळ देणं अवघड वाटू नये.

हा घाबरटपणा येतो कुठून? मूळ घर दक्षिण अमेरिकेतले अँडीज पर्वत. तिथल्या लोकांनी सुमारे सात हजार वर्षांपूर्वी त्याला पाळायला सुरुवात केली, ती मांसासाठी. पेरूमध्ये आजही तो ताटात असतो. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर तो युरोपात पोहोचला आणि तिथे हौसेचं जनावर झाला. म्हणजे नावात गिनी असली तरी आफ्रिकेतल्या गिनीशी त्याचा संबंध नाही, आणि डुकराशी तर नाहीच. त्याच्या रानटी भाऊबंदांचं जगणं उंच गवतात, आखलेल्या पायवाटांवर, कळपाने. अंगाला ना काटे, ना नखांत जोर, ना बीळ खणायची सवय. शत्रू कोण? कोल्हा, साप, आणि आकाशातून झेपावणारा शिकारी पक्षी. त्यावर दोनच उपाय: क्षणात गवतात शिरणं, नाहीतर जागच्या जागी दगड होणं.

आता पिंजऱ्याचं वरचं झाकण उघडतं आणि पाच बोटांचा हात खाली येतो. आपल्याला तो हात वाटतो. गिनीपिगच्या डोक्याच्या दोन बाजूंना असलेले डोळे त्याला जवळजवळ चहूबाजूचं आणि वरचं दाखवतात, नाकासमोरचं तेवढं नीट दिसत नाही. त्याला दिसतो तो वरून वेगाने मोठा होत येणारा आकार. तो काय करणार? जे त्याच्या पूर्वजांनी केलं तेच. आपल्यावर त्याचा राग नसतो, अविश्वासही नसतो. घार येते आहे, एवढंच त्याला कळलेलं असतं.

जर्मनीतल्या म्युन्स्टर विद्यापीठात नॉर्बर्ट साक्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाळीव गिनीपिग आणि त्यांचे रानटी भाऊ यांची वर्षानुवर्षं तुलना केली. पाळीव जात कमी भांडकुदळ निघाली, एकमेकांशी जास्त सलगी करणारी निघाली, आणि अनोळखी जागी ठेवल्यावर तिच्या शरीरातली ताणाची प्रतिक्रियाही सौम्य होती. मग त्यांनी पिंजऱ्यातच तीस पिढ्या वाढलेले रानटी गिनीपिग तपासले. ते रानातून पकडलेल्यांच्या पिल्लांइतकेच रानटी होते. म्हणजे नुसत्या पिंजऱ्याने कुणी माणसाळत नाही. हजारो वर्षांच्या निवडीने पाळीव गिनीपिगला माणसाळण्याची तयारी मिळाली आहे. ती तयारी प्रत्यक्षात उतरवणं मात्र प्रत्येक घराला पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

याच संशोधकांच्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि आपल्याकडच्या मालकांनी ती सगळ्यांत आधी ऐकायला हवी. ओळखीचा जोडीदार शेजारी असला की नव्या जागी गिनीपिगच्या रक्तात ताणाचं संप्रेरक कमी वाढतं. एकटा गिनीपिग हा सतत पहाऱ्यावर असलेला गिनीपिग असतो. स्वित्झर्लंडने तर २००८ च्या प्राणी संरक्षण अध्यादेशातच त्याला सोबतीशिवाय ठेवायला मनाई केली आहे. इथे पुष्कळ घरांत ‘एकटा ठेवला तर माणसांना चिकटेल’ असं समजून एकच आणतात. तसं होत नाही. दोघांतला धीट जो असेल तो आधी काडी घेतो, आणि भित्रा त्याच्या आडून बघत बघत शिकतो. फक्त दोन माद्या किंवा समजूतदार दोन नर घ्यायचे. नर-मादी मिळून आणले तर दोन-अडीच महिन्यांत पिल्लं, आणि व्यायल्यावर काही तासांत मादी पुन्हा गाभण राहू शकते. दुकानात नर-मादीची गल्लत नेहमीची, म्हणून घरी आणल्यावर जाणत्याकडून खात्री करून घेतलेली बरी.

आता गोडादऱ्याची खोली. पिंजरा कुठे ठेवायचा, यावर पुढचं निम्मं काम ठरतं. दारासमोर नको, कारण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पायाबरोबर छाती धडधडणार. टीव्हीच्या शेजारी नको. मोरीच्या ओलीत नको. दोन भिंतींच्या कोपऱ्यात, माणसाच्या कमरेच्या उंचीवर, एक बाजू जुन्या सुती साडीने झाकलेली, अशी जागा चांगली. उंचीचा फायदा दुहेरी आहे: उंदीर दूर राहतात, आणि माणूस समोरून, डोळ्यांच्या पातळीवर येतो, घारीसारखा वरून नाही. आत लपायला जनावरागणिक एक खोकं, आणि प्रत्येक खोक्याला दोन दारं. एकच दार असलं की आत शिरलेल्या भित्र्याला दुसरा कोंडून धरतो.

लपायची जागा दिली तर तो कायम लपूनच राहील, अशी शंका येते. म्हणून काही जण खोकं काढून टाकतात. हा उपाय घातक आहे. स्वित्झर्लंडच्या बासेलमध्ये रुग्णांच्या सहवासासाठी आणलेल्या गिनीपिगचा अभ्यास झाला. हवं तेव्हा लपता येत होतं तोवर ते शांत होते. लपायची सोय काढून घेतल्यावर दचकणं आणि थिजणं वाढलं. आडोसा असला की जनावर बाहेर यायचं धाडस करतं, कारण परतीची वाट माहीत असते.

पहिले दोन-तीन दिवस काहीच करायचं नाही. पाणी, वाळलेलं गवत, भाजी ठेवायची आणि बाजूला व्हायचं. मुलांना हे सगळ्यांत कठीण जातं. मग रोज ठरावीक वेळी पिंजऱ्याशेजारी बसायचं आणि आपलं काहीतरी करायचं. गृहपाठ करावा, लसूण सोलावा, फोनवर हळू आवाजात बोलावं. गिनीपिगचे कान आपल्याला ऐकू न येणारे उंच स्वरही टिपतात. त्याला माणूस आधी आवाजाने ओळखीचा होतो. जवळ जाण्याआधी दोन शब्द बोलायचे, रोज तेच.

वेळेची निवड इथल्या घरांना आपोआप जमते. गिनीपिग पहाटे आणि संध्याकाळी जास्त हालचाल करतो, आणि लूमच्या बारा तासांच्या पाळ्याही त्याच सुमाराला बदलतात. रात्रपाळी करून सकाळी घरी आलेला बाप हात धुऊन शांतपणे पिंजऱ्यापाशी बसतो. तो दमलेला असतो, घाईत नसतो, त्याला जनावराकडून काही नको असतं. दिवसभर पाठीमागे लागणाऱ्या मुलाच्या आधी त्या बापाच्या हातून काडी घेतली गेली, तर त्यात नवल नाही.

काडी कशी द्यायची, ते बारकाईने सांगायला हवं. कोथिंबिरीची लांब काडी, मुळाकडचं टोक आपल्या चिमटीत, पाल्याचं टोक त्याच्याकडे. हात पिंजऱ्याच्या तळाला टेकवलेला, तळवा वर. हात बाजूने सरकवायचा आणि थांबायचं. तो मान लांब करेल, मागचे पाय तसेच खोक्यात ठेवून पुढचं अंग ताणेल, पाल्याचा शेंडा पकडेल आणि हिसका देऊन पळेल. पळू द्यायचं. आठवडाभर असंच चालेल. मग एक दिवस तो काडी घेऊन पळणार नाही, तिथेच बसून खाईल. त्यानंतर काडी थोडी आखूड. तीही चालली की मग खाता खाता एका बोटाने गालाजवळ, कानाच्या मागे हलका स्पर्श. पाठीवर, कुल्ल्यावर नको. शिकारी तिथेच पकडतो. त्याने डोकं झटकन वर उडवलं तर ‘पुरे’ म्हणतो आहे असं समजायचं आणि बोट मागे घ्यायचं. बोट मागे गेलं, हे त्याच्या लक्षात राहतं. पुढच्या वेळी तो जरा जास्त थांबतो.

या काडीत दुसराही फायदा आहे. माणसासारखंच गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. नॉर्वेच्या आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिख यांनी १९०७ मध्ये गिनीपिगमध्येच स्कर्व्ही दाखवली, आणि त्या रोगाच्या अभ्यासाची दिशा बदलली. रोज ढोबळी मिरचीची एक फाक आणि थोडी कोथिंबीर मिळाली तर गरज बरीचशी भागते. तीच फाक हातातून दिली की औषध आणि ओळख एकाच वेळी होते. बाकी पोट मात्र गवतावरच भरायला हवं, दातांसाठीही. ते जन्मभर वाढत राहतात आणि गवताने झिजतात. हरळी, म्हणजे गणपतीच्या दूर्वा, धुऊन दिल्या तर आवडीने खातात. लसूणघास मोठ्या जनावराला रोज नको, त्यात कॅल्शियम फार असतं.

उचलण्याची वेळ शेवटी येते. पिंजराभर पाठलाग करून धरलेला गिनीपिग पंधरा दिवसांची कमाई एका मिनिटात विसरतो. त्याऐवजी आडवा डबा ठेवावा, आत भाजी टाकावी, तो आपल्या पायाने शिरला की डबा उचलावा. असाच डबा वाण्याकडच्या वजनकाट्यावर आठवड्यातून एकदा ठेवला की वजनही कळतं. मोठं जनावर साधारण ७०० ते १२०० ग्रॅम भरतं. हाताने घ्यायचं तर एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि आपण खाली बसलेलं. त्याचा कणा नाजूक असतो, कमरेच्या उंचीवरून पडणंही त्याला झेपत नाही. लहान मुलाने उभं राहून गिनीपिग घेऊ नये, हा घरातला पक्का नियम असावा.

मांडीवर घेतल्यावर तो अगदी गप्प पडला की लोक खूश होतात, ‘बघा, किती शांत झालाय.’ नीट बघायला हवं. डोळे ताठ उघडे, अंग कडक, नाकपुडीही हलत नाही, असं असेल तर तो दगड झाला आहे, शांत नाही. उताणा पाडून ‘झोपवण्याचे’ व्हिडिओ फिरतात, त्यांतही हीच भीती असते. खरा निवांत गिनीपिग पाय सैल सोडतो, चघळतो, अंग चाटतो, खालच्या पट्टीत गुरगुरतो. तीच गुरगुर आखूड आणि चढ्या आवाजात आली तर दचकल्याची खूण. दात कटकट वाजवले तर राग. आणि मोकळं सोडल्यावर तो मध्येच हवेत उडी मारून अंग झटकतो. ती उडी पहिल्यांदा दिसते त्या दिवशी घरात सगळ्यांना हाका मारल्या जातात.

मोकळं सोडण्याबाबत या भागापुरती एक सूचना आवश्यक आहे. इथल्या कित्येक घरांत बायका साडीचे धागे कटिंग करतात, टिकल्या लावतात. जमिनीवर बारीक पॉलिस्टर धागे, जरीचे तुकडे, टिकल्या पडलेल्या असतात. धागा गिनीपिगच्या बोटाला गुंडाळला की आत रुततो आणि रक्त अडतं. पोटात गेला तर आणखी वाईट. कामाची जागा आणि त्याच्या फिरण्याची जागा वेगळी हवी. आधी फरशी पुसायची, त्यावर जाड सुती चादर घालायची. सुटे दोरे लोंबणारी जुनी गोधडी कितीही मऊ असली तरी टाळावी.

उन्हाळ्यात ओळखीचे सगळे प्रयत्न बाजूला ठेवावे लागतात. गिनीपिगला १८ ते २४ अंश सेल्सिअस मानवतं. तिशीच्या वर तो त्रासतो, आणि सुरतेतला एप्रिल-मे त्याच्या कितीतरी पुढे जातो. पत्र्याखालच्या खोलीत दुपारी तो लांब पसरला, तोंडाने श्वास घेऊ लागला, लाळ गळू लागली तर ते संकट आहे. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवणं, एक थंड फरशी आत ठेवणं, ओलं पोतं खिडकीला लावणं, हे उपाय साधे आहेत आणि उपयोगी पडतात. सणांचंही तसंच: उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, गच्चीवरचे स्पीकर, गणपतीतला डीजे, दिवाळीचे फटाके, या दिवसांत पिंजरा आतल्या खोलीत, दोन बाजूंनी झाकून. त्या काळात नवी ओळख वाढवायला जाऊ नये.

धीट झालेला गिनीपिग एकाएकी पुन्हा लपू लागला तर स्वभाव बदलला असं म्हणून सोडून देऊ नये. दुखतं आहे हे तो सांगत नाही, लपतो. खाज, केस गळणं, वजन उतरणं, आणि मुख्य म्हणजे खाणं थांबणं: दिवसभर त्याने काही खाल्लं नाही तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. घरातल्या मुलाचं उरलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप त्याला कधीही पाजायचं नाही. पेनिसिलिनच्या जातीची औषधं पोटात गेली की त्याच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि बहुधा जनावरही दगावतं. आणण्याआधीच, गिनीपिग बघणारा जनावरांचा डॉक्टर शहरात कोण आहे, हे विचारून ठेवावं. विकणाऱ्याकडे नोंदणीची चौकशी करायचा हक्कही ग्राहकाला आहे: २०१८ च्या केंद्रीय पेट शॉप नियमांत गिनीपिगचं नाव स्पष्ट आहे, आणि दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते.

सुरत आणि मुकी जनावरं यांचं नातं जुनं आहे. १६८९ मध्ये इंग्लंडहून निघून इथे आलेल्या जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने प्रवासवर्णनात इथल्या जनावरांच्या रुग्णालयाबद्दल लिहिलं, आणि तिथे गाई-घोड्यांबरोबर ढेकूण-पिसवांचीही सोय होती म्हणून आश्चर्य व्यक्त केलं. ज्या शहराने पिसूलाही जागा दिली, तिथे दोन गिनीपिगसाठी खोलीचा एक कोपरा निघू शकतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गोडादऱ्यातली पुष्कळ घरं बंद होतात. भुसावळकडे जाणाऱ्या गाड्या भरून जातात, लेकी माहेरी, झोके, सांजोऱ्या. गिनीपिगला त्या उन्हात गाडीतून नेणं बरोबर नाही, म्हणून शेजारी किल्ली ठेवली जाते. शेजारीण रोज गवत-पाणी करते आणि म्हणते, ‘मला तर एकदाही दिसले नाहीत हो.’ खरं आहे, तिच्यासाठी ते खोक्याखालीच राहतात. आठ दिवसांनी घर उघडतं, आणि पहिल्या संध्याकाळी घरच्यांपुढेही तेच होतं. मुलगा पुन्हा पिंजऱ्याशेजारी बसतो, वही उघडतो, हात तळाला टेकवून काडी धरतो. दुसऱ्या दिवशी खोक्याच्या दारात एक नाक दिसतं. तिसऱ्या दिवशी बाप पाळीवरून येताना भाजी घेऊन येतो, दारात पिशवी वाजते, आणि आतून शिट्टी येते.